केदारआप्पांची पाचवी भाषा

आमच्या शेजारचे केदारआप्पा रोज सकाळी शिव्या देतात. कुणा माणसाला नाही. काँप्युटरलाही नाही. काँप्युटरच्या आत ज्या भाषेत काम लिहिलेलं असतं त्या भाषेला, नाव घेऊन, तिच्या खानदानाचा उद्धार करून. "ए बेण्या, चार मानसं एकदम दारात आली तर झोपतो कावून बे? तुला फुकट आणलाय म्हनून का?" आमच्या दोन अंगणांमधली भिंत कमरेएवढी आहे. मी झाडत असते, आणि मला वाटतं आतमध्ये एखादा गडी मान खाली घालून उभा आहे.

शिव्या चालू आहेत तोवर काळजी नसते. काळजी त्या थांबल्या की. मग आप्पा आंघोळ करून, कपाळाला भस्माचे पट्टे ओढून, धुतलेला सदरा घालून भिंतीशी येतात आणि लग्न ठरल्यासारखा चेहरा करून सांगतात, "वैनी, सोडलं त्याला. पायाच कच्चा हाय. आता दुसरी धरली. हे फायनल."

हे 'फायनल' मी पाडव्यापासून ऐकत आले आहे. ते ऐकलं की माझ्या हातातला झाडू आपोआप उलटा होतो.

आप्पा आमच्या बीडकडल्या शिरूरच्या टेलिफोन ऑफिसात होते. फोन जेव्हा मोजक्या घरांत होते आणि नंबर लावायला आधी ऑफिसातल्या माणसाशी बोलावं लागायचं, तेव्हापासून. आमच्या किराणा दुकानात फोन आला तेव्हा मी नुकती संसाराला लागलेली, दहावी पास झालेली आणि त्या दहावीनं डोकं फिरलेली बाई होते. फोनला मी लोकरीचा झगा विणला होता. रिसीव्हर उचलला की माझी भाषाच बदलायची. "कृपया आपण मला बीडचा क्रमांक जोडून देण्याचे कष्ट घ्याल का?" पलीकडून आप्पा म्हणायचे, "देतो की, वैनी. आज भाजी कशाची केली?" मला वाटायचं, किती अडाणी माणूस! आपण एवढं शुद्ध बोलतो आहोत आणि हा भाजी विचारतो! मी दिवसभर धुसफुसायचे. आज ती मुलगी मला रस्त्यात भेटली तर मी तिच्या डोक्यावर तो लोकरीचा झगा घालीन.

असो. मुद्दा माझा नाही. मुद्दा आप्पांचा आहे, आणि मी रागात आहे.

निवृत्त झाल्यावर आप्पांनी फोनवर व्हिडिओ बघून बघून काँप्युटरचं काम शिकून घेतलं. का, तर वेळ जात नव्हता. त्यांची बायको सुलोचना 'सध्या' पुण्याला असते, मुलाची पोरं सांभाळायला. हे 'सध्या' थोरला नातू पाळण्यात होता तेव्हा सुरू झालं. तो आता शाळेतून मार खाऊन येतो.

आणि मग गेल्या हंगामात गयाबाईचं ते झालं.

गयाबाई आमच्या मागच्या गल्लीत राहते. तिचा मुलगा बाळू आणि सून रेणुका दर वर्षी ऊसतोडीला जातात. नात म्हातारीजवळ राहते. गेल्या वर्षी त्यांची टोळी एका कारखान्यावरून उठून दुसऱ्या कारखान्याला गेली, पार कर्नाटकात. त्यातच बाळूचा फोन पाण्यात पडला. मुकादम फोन उचलेना. इकडं नात तापानं फणफणलेली. गयाबाई रोज दुकानात यायची, माझ्या फोनवरून नंबर लावायची, 'बंद आहे' ऐकायची आणि पदर सारखा करून निघून जायची. पोर बरी झाली, टोळीचाही पत्ता लागला. पण त्या दिवसांतलं म्हातारीचं तोंड मी पाहिलं आहे.

आप्पांनीही पाहिलं. ते साबण घ्यायला आले होते. साबण तसाच ठेवून म्हणाले, "जिता-जागता मानूस असा हरवतो कावून, वैनी? आमच्या वेळंला तारा तुटायच्या, पर मानूस सापडायचा. मीच करतो कायतरी."

मला भरून आलं. हीच माझी चूक.

त्यांनी ठरवलं ते चांगलंच होतं. फोनवर उघडणारा एक नकाशा. गावातलं कोण कुठल्या कारखान्यावर आहे ते त्यावर दिसायचं. टोळीनं मुक्काम हलवला की टोळीतल्या कुणीही नव्या जागेवर एक बटण दाबायचं आणि इकडं टिपका सरकायचा. अर्धं नाव लिहिलं तरी माणूस सापडला पाहिजे, पान पुन्हापुन्हा उघडावं लागता कामा नये, आणि रेंज गेली तरी शेवटचा ठिकाणा दिसत राहिला पाहिजे. टोळ्या दसऱ्यानंतर निघतात. म्हणजे दसऱ्याच्या आत हे सुरू व्हायला हवं. नाही झालं तर गयाबाई पुन्हा 'बंद आहे' ऐकणार.

"फक्त एकच ठरवायचं ऱ्हायलंय," आप्पा म्हणाले. "सर्व्हरची भाषा."

"ते काय असतं?"

"तुमच्या दुकानात गिऱ्हाईक पुढं उभं ऱ्हातं. त्याला बरण्या दिसतात. पर साखरंचं पोतं कोन काढतो? गोदामातला गडी. गिऱ्हाइकाला तो दिसतो का? न्हाई. त्यो गडी म्हंजी सर्व्हर. त्याला काम सांगायचं कोनत्या भाषेत, येवढंच."

येवढंच! पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत या येवढ्यानं आमच्या गावाला पिळून काढलं.

पहिला आला पीएचपी. आप्पांच्या लेखी तो पुरुष. "साधा गडी हाय. कुटंबी ठिवा, ऱ्हातो. स्वस्तात मस्त." मग माहिती गोळा करायला आम्ही घरोघरी निघालो. आम्ही म्हणजे ते आणि मी, कारण बायका माझ्याशी बोलतात. उन्हाळ्यात पहिली आवृत्ती तयार झाली. आप्पांनी मोठ्या तोऱ्यात बाळूचा टिपका दाखवला. मी म्हटलं, "आणि रेणुका?"

"कोन रेणुका?"

"त्याची बायको! तीच तर जास्त ऊस तोडते!"

आप्पांनी डोकं खाजवलं. आमच्याकडं ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमापासून कारखान्यापर्यंत सगळे कोयते मोजतात. आप्पांनीही कोयते मोजले होते आणि प्रत्येक कोयत्याला एकच नाव दिलं होतं, नवऱ्याचं. गावातल्या झाडून सगळ्या बायका नकाशावरून गायब!

"पद्धतच हाय ना तशी, वैनी."

"पद्धत गेली खड्ड्यात! उद्या रेणुकाची आई तिला शोधायला आली तर काय कोयत्याला हाका मारील?"

मी असं काही बोलले की आप्पा भिंतीपासून चार पावलं मागं सरकले. दुसऱ्या दिवशी भस्म लावून हजर. "तुमी बोलला त्ये बरोबर हाय. पर पीएचपीत दोन नावं बसत न्हाईत. सोडला त्याला. आता जावा धरली. सगळी माहिती पुन्हा घ्यावी लागंल."

"पुन्हा? सगळी?"

"भाषा बदलली ना. जुनं चालत न्हाई."

माझ्याच रागातून निघालेलं काम, म्हणून मी पिशवी उचलली.

जावा ही बाई. मोठ्या घरची. "नुस्तं रामराम करायचं म्हनलं तरी पानभर लिहून मागती." काँप्युटरचा पंखा चक्कीसारखा घरघरायला लागला आणि जावा गेली. मग पायथॉन. "गोड बोलतो वैनी, लई गोड. पर कामाला सावकाश." तो गेला. मग जावास्क्रिप्ट. "ह्याची गंमत हाय. दुकानात जी भाषा तीच गोदामात. दोन-दोन शिकायला नगं." मला बरं वाटलं, म्हटलं सुटलो. थोड्याच दिवसांत भिंतीपलीकडून ओरडणं. "ह्याला काम सांगितलं की 'झाल्यावर कळवतो' म्हनून निघून जातो बे! मी हितं बसू काय तुझी वाट बघत?"

आणि दर वेळी सगळं गाव पुन्हा पहिल्यापासून. नाव काय, टोळी कुणाची, सोबत कोण, मागं कोण, कुणाचा फोन लागला नाही तर कुणाला लावायचा. पावसाळ्यात शेतात कामं असताना बायका खुरपं टाकून उत्तरं द्यायच्या. गयाबाई एकदा म्हणालीच, "आप्पा, मागल्या खेपंपासून म्या नाव बदललं असंल असं वाटतं का तुमाला?"

"तसं न्हाई गं. सर्व्हरला लागतं."

हे त्यांचं ब्रह्मास्त्र. सर्व्हरला लागतं. प्रश्नही वाढत चालले होते. बाजरी कुठली आणता? गुडघा कसा हाय? लेकीकडलं काय कळालं? एका घरी त्यांनी विचारलं, लसणाची चटणी कुटता का वाटता? मी त्यांना कोपर मारलं. "हे नकाशाला कशाला?"

"सर्व्हरला लागतं, वैनी. तुमाला न्हाई कळायचं."

मला नाहीच कळलं. मी त्या सर्व्हरवर चिडत राहिले. मला वाटायचं, काय मेला चोंबडा सर्व्हर आहे, याला चटणीसुद्धा सांगायची!

नवरात्रात माझी नात शर्वरी पुण्याहून आली. तीही काँप्युटरच्याच कामात आहे. ती यायच्या आदल्याच सकाळी आप्पा भस्म लावून भिंतीशी आले होते. "जावास्क्रिप्ट सोडलं. आता गो. नवी भाषा हाय, तरणीबांड, चपळ. हे फायनल. उद्यापून माहिती घ्यायला निघू." दसरा तोंडावर आलेला! बायकांनी चुली, तवे, पत्रे बांधायला काढलेले! मी भिंतीवर हात आपटला तो अजून दुखतो आहे.

मी शर्वरीला पाठवलं. म्हटलं, तू शिकलेली आहेस, जा आणि त्या माणसाला एकदाची चांगली भाषा निवडून दे. ती गेली, बराच वेळ बसली, आणि परत आली ती कसंनुसं हसत.

"आजी, त्यांनी मला पाचही दाखवल्या. कुठली निवडू म्हणाले. मी म्हटलं, एवढ्या कामाला कुठलीही चालेल, तुम्हाला जी नीट येते ती ठेवा. तर चिडले आणि स्क्रीनच बंद केली."

"मग कुठली येते त्यांना नीट?"

"पहिली. पीएचपीतलं तर छान चालतंय गं. नकाशा सरकतो, नाव सापडतं, टिपका हलतो, सगळं. उन्हाळ्यातच तयार होतं ते."

"त्यात दोन नावं बसत नाहीत."

"कोण म्हणालं? शंभर बसतील. त्यांनी बसवलीही आहेत. रेणुका आहे त्यात, मी बघितलं."

माझ्या हातात निवडायला घेतलेली मेथी होती. ती मी खाली ठेवली.

"बरं," मी म्हटलं, "पण आता भाषा बदलली, तर माहिती पुन्हा घ्यायला हवी ना?"

"कशाला? माहिती वेगळ्याच ठिकाणी असते. भाषा कितीही बदला, ती तिथंच राहते. आजी, आपल्या गोदामातला गडी बदलला म्हणून तू पोत्यातली साखर फेकून देऊन नवी आणतेस का?"

मी रागात गप्प बसले की आमची मांजर घर सोडून जाते. ती उठली आणि गेली.

एरवी मी आप्पांशी भिंतीवरून बोलते. त्या दिवशी रस्त्यानं जाऊन त्यांचं पुढचं दार वाजवलं. आप्पांनी उघडलं आणि माझं तोंड बघून दोन पावलं मागं झाले.

"आप्पा, माहिती कुठंय?"

"कोनती?"

"सोंग करू नका. उन्हातान्हात गावभर फिरून आणली ती. आणि पुन्हा आणली. आणि पुन्हा."

"हाय की. आतमंदी."

"पहिल्यापासून?"

आप्पांनी टेबलावरची वायर उचलली, गुंडाळली, पुन्हा सोडली.

"खुरपं टाकून बाया उठायच्या, आप्पा! ती गयाबाई, पायाला भेगा पडल्यात तिच्या, तरी उठून पाणी द्यायची आपल्याला! तिचं पोरगं आता चार दिवसांत ट्रकात बसंल. आन् तुमी तयार काम दडवून बसलाव? वर लसणाची चटणी विचारताव? कुणाच्या जिवाशी खेळ लावलाय हा?" रागात माझी सगळी शुद्ध भाषा गळून पडते. बरंच आहे. "कावून केलं असं? बोला!"

ते बोलले, माझ्याकडं न बघता.

"टेलिफोन आफिसात होतो तवा कुनाची लाइन बिघडली की मी जायचो. दारातनंच म्हनायचे, आप्पा आला, आप्पा आला. लाइन नीट झाली तरी सोडायचे न्हाईत. आता कुनाचं कायच बिघडत न्हाई, वैनी. माझ्याकडं यावं असं तर कुनाचंच न्हाई." वायर पुन्हा गुंडाळायला लागले. "पहिल्या खेपंला आपुन इचारायला गेलतो ना, तवा घरोघर खाट टाकली मानसांनी. आजारपन सांगितलं, लेकीबाळीचं सांगितलं. मी म्हनलं, आता हे झालं तयार, उघडून दिलं की संपलं. ज्येचं त्ये आपल्या फोनात बघंल. मग मी कशाला?"

"मग नुसतं जावं की माणसानं! बसायला जायला भाषा कशाला बदलावी लागते?"

"कामाबिगर कसं जायाचं?" त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. "दारात हुबा ऱ्हायलो की इचारतात, काय काम काढलं आप्पा? काय सांगू?"

तरुणपणची मी असते तर तिथंच डोळ्यांना पदर लावून बसले असते. तेव्हा मला ती फार आवड होती. कुणाचं दुःख ऐकलं की आधी स्वतः रडून घ्यायचं, आणि ज्याचं दुःख असेल त्यानं मला पाणी आणून द्यायचं. आता तेवढा वेळ नसतो. टोळ्या निघायच्या होत्या.

"उद्या सकाळी उघडायचं," मी म्हटलं. "पीएचपी तर पीएचपी. उघडलं नाही तर मी सुलोचनाला फोन करून सगळं सांगेन."

"सुलोचनाला नगं," आप्पा घाईनं म्हणाले. मग हळूच, "न्हाईतर सांगा. तिला कायतरी तर कळंल हितलं."

मी वळले आणि दार आपटून बाहेर आले. राग गेला नव्हता. पण आता तो नेमका कुणावर धरावा ते मला समजेना, आणि अशा रागाचा फार त्रास होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उघडलं. शर्वरी दोन दिवस घरोघरी जाऊन बायकांच्या फोनांत ते घालून देत होती. दसऱ्याला सोनं द्यायला आलेल्या पोरांना आप्पा आपल्या ओट्यावर बसवून बटण दाबायला शिकवत होते, आणि चुकलं की ओरडत होते, "हितं दाब की बे! तिकडं काय तुझी सासू हाय?" मग ट्रक आले. भांडी, बाजा, कोंबड्या, माणसं चढली. रेणुकानं लेकीच्या गालाला हात लावला आणि पुन्हा वळून बघितलं नाही. गाव एका दिवसात निम्मं झालं.

भिंतीपलीकडच्या शिव्या बंद झाल्या. मी झाडताना मुद्दाम भिंतीशी रेंगाळायचे. काहीच ऐकू यायचं नाही. भाषा चालत होती, तिला शिव्या द्यायचं कारण उरलं नव्हतं. मला त्या शांततेचाही राग आला.

चार-पाच दिवसांनी संध्याकाळी गयाबाई आप्पांच्या दारात उभी. कडेला नात, हातात मुलानं मागं ठेवलेला फोन. मला अंगणातून सगळं दिसत होतं, आणि दिसावं म्हणून मी बादली हलवून घेतली होती.

"आप्पा, टिपका दिसला," गयाबाई म्हणाली. "पोचले म्हनायचे."

"दिसला ना? मग झालं." आप्पांचा आवाज अगदी बारीक.

"झालं कसं? तितं थंडी हाय का? ऱ्हायाला कोपी कशी मिळाली? शेजार कुनाचा हाय? रेणीचं कंबारडं धरतं, ती जड उचलती का?" तिनं फोन त्यांच्यापुढं धरला. "हे बघायला कुटं दाबायचं?"

आप्पांनी फोन हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. नकाशावरचा तो टिपका जागच्या जागी स्वस्थ होता.

"ह्यात न्हाई त्ये," ते म्हणाले.

"न्हाई? मग तुमी एवढं सालभर इचारत फिरला ते काय केलं?"

मी बादली खाली ठेवली. वाटलं, आता हा माणूस म्हणणार, नवी भाषा धरतो. म्हटला असता तर मी भिंतीवरून उडी मारली असती, या गुडघ्यांनी.

"बस," आप्पा म्हणाले. "आत ये, बस. त्या टोळीत दुसऱ्या एका पोराचा नंबर हाय माझ्याकडं, त्येला लावतो. समदं इचारू. लेकराला बी आन आत."

गयाबाई आत गेली. पाठोपाठ मागच्या गल्लीतल्या आणखी दोघी आल्या, हातात फोन घेऊन, "आप्पा हायत का?" करत. आतून आप्पांचा आवाज पूर्वीसारखा चढलेला ऐकू यायला लागला. "हॅलो! जोरात बोल बे! रेणुकाला दे फोन, तिची सासू बसलीय हितं माझ्या घरी!"

मग ते धावत भिंतीशी आले. अंगात बनियन, कपाळ कोरडं, हात ओले.

"वैनी, दोन कप द्या. घरात एकच हाय."

मी अजून रागातच होते. सहा दिले.